मधलीचे शेंडे

मी खुडलं नाही, हे मी रोपवाटिकेत सांगितलं, एस्टीत सांगितलं, लोहाऱ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं. एकाचाही विश्वास बसला नाही. सख्ख्या नवऱ्यानं जेवता जेवता विचारलं, "खरं सांग सोजर, एखादा तरी खुडला असशील की." मी त्याच्या ताटातली भाजी काढून घेतली. म्हणलं, चोरट्या हाताची भाजी तुमी कशाला खाता, कोरडी भाकर खावा.

असले किस्से कुणी जमवायला जात नाही. रानातनं येताना लुगड्याला कुसळं चिकटून घरी येतात, तसे ते येतात. झटकायला बसलं की एकामागं एक निघतात, आणि शेवटचं निघतं ते सगळ्यात जास्त टोचलेलं असतं. आज झटकायलाच बसले आहे.

तर माकणीच्या धरणाअलीकडं एका संस्थेची रोपवाटिका आहे. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला करू! तिथं आम्ही बाया पिशव्या भरायचो. चिंच, कडुलिंब, सीताफळ, म्हणजे आपल्या भागात जगतात ती शहाणी झाडं. मग एक दिवस पश्चिमेकडनं टेम्पो आला आणि त्यातनं उतरलं ढगातलं झाड.

सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर, जिथं वर्षातले कितीतरी महिने धुकं हलत नाही, तिथं हे झाड होतं म्हणे. आता संपत आलंय. फक्त तीन डोंगरांवर राहिलंय, आणि तिन्हीकडं त्याचं रूप निराळं. एका डोंगरावर पान बारकं आणि जाड, दुसऱ्यावर बेताचं, तिसऱ्यावर तळहाताएवढं. आता हा फरक बियाण्याचा का डोंगराचा? हे कळायला तिन्ही डोंगरांचं बी एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवून बघायचं. वाढवून फरक राहिला तर बियाण्याचा, गेला तर डोंगराचा. एवढी सरळ गोष्ट आमच्या साहेबांनी आम्हाला तासभर फळ्यावर सांगितली. शेवटी आमची कौशामावशी म्हणाली, "म्हंजी तीन गावच्या सुना एका घरात आणून बघायच्या, खोड कुणाच्यात हाय."

साहेब म्हणाले, "तसं नाही." आम्ही म्हणलं, तसंच आहे.

एवढ्या लांब धाराशिवातच का आणलं, तर म्हणे कोरड्या भागात ही झाडं टिकतात का, तेही बघायचं होतं. कौशामावशी तोंडातलं पान सांभाळत म्हणाली, "माणसं टिकल्यात का ते बघा आधी."

*

ढगातल्या झाडाला ढग पाहिजे. मग त्यासाठी हिरव्या जाळीचं मोठं शेडनेट उभं केलं, वर बारक्या तोट्यांची नळी फिरवली आणि बटण बसवलं. बटण दाबलं की फुस्स करून सगळीकडं धुकं. आम्ही त्याला ढगघर म्हणायचो.

बाहेर उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली, आभाळात चिंधीएवढा ढग नाही, आणि आत तीन ओळी रोपांवर ढग उतरलेला. गावातनं माणसं बघायला यायला लागली. एकानं विचारलं, पोरीच्या लग्नात मांडवाला भाड्यानं मिळंल का. साहेब लई चिडले. म्हणाले, हे शास्त्र आहे.

पण त्या शास्त्राला लाईट लागायची, आणि लाईट आपल्याकडची. भर दुपारी फुस्स थांबायचं. मग मी साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन सांगायची, "सर, ढग गेला."

"कधी येणार?"

"फोन लावलाय. डीपीवर माणूस चढलाय."

पृथ्वीच्या पाठीवर ढग आणायला वायरमन खांबावर चढतो, असा एवढाच तालुका असंल!

*

साहेबांनी आम्हाला एक शब्द पाठ करायला लावला, पॉप्युलेशन. पहिल्या डोंगराची रोपं म्हणजे पॉप्युलेशन एक, मग दोन, मग तीन. कौशामावशी म्हणाली, आमच्याकडं पॉप्युलेशन म्हणलं की आरोग्य केंद्राची बाई ऑपरेशनला न्यायला येती. तो शब्द आम्ही तिथंच सोडला. आम्ही ओळींना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला लागलो.

साहेबांच्या हाताखाली ऋतुजा म्हणून पुण्याची पोरगी होती, पानं मोजायला. वाईट नव्हती, पण हसायला भीत होती. ती बिचारी कागदाकडं बघत म्हणायची, "मावशी, पॉप्युलेशन टू ला पाणी घातलं का?" आम्ही म्हणायचो, "मधली पिऊन बसली."

पुढं पुढं तीच विसरली. एकदा कुणी मोठा पाहुणा आला. त्याला ती इंग्रजीत सगळं सांगत होती आणि मधेच म्हणाली, "अँड धिस इज धाकटी." साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

*

आता साहेबांविषयी. दारावर पाटी होती, डॉ. के. एस., आणि पुढं आडनाव. आडनाव सांगत नाही, त्या आडनावाची बाकीची माणसं चांगली आहेत. पण के म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऋतुजा म्हणाली किरण असेल. मला वाटलं कमलाकर. कौशामावशीनं सरळ त्यांनाच विचारलं.

साहेब म्हणाले, "के. एस. च म्हणा."

"आईबी तुमाला के. एस. च म्हणती का?"

साहेब मोबाईल बघायला लागले.

आता माणूस आपल्या बेंबळीचा. बापाची जमीन, दारात बैल, शाळेला चालत गेलेला. पण आमच्याशी बोलायचं म्हणजे असं बोलायचे, जणू आकाशवाणीवर बातम्या देताहेत. "सोजरबाई, आपण कृपया रोपांना स्पर्श करू नये." आम्ही पिशवीतलं तण काढायचं कसं मग, मंत्र म्हणून?

ढगघरात मोबाईलला रेंज नव्हती. रेंज एकाच जागी यायची, मधल्या ओळीच्या कडेला. ज्याला फोन आला तो पळत मधलीपाशी जायचा. साहेबांच्या आईचा फोन रोज यायचा, आणि म्हातारी सोडता सोडायची नाही. साहेब मधलीच्या कडेनं येरझाऱ्या घालत बोलायचे. साहेब फोनवर असले की त्यांच्याकडं बघत बसायची आम्हाला बंदी होती, पण ऐकायची नव्हती. ऐकलं तर काय! "आये, जेवलीस का? म्हस आटली का न्हाय आजून? त्याला म्हणावं पानी सोड म्हणलं तवा सोडलं न्हाईस, आता बोंबलू नगंस."

फोन ठेवला की परत बातम्या सुरू. "ऋतुजा, आपण निरीक्षणे नोंदवली का?"

कौशामावशी म्हणाली, "सायब फोनात आपल्यातला हाय. भायेर आला की परका."

*

नवरात्रात एक गंमत झाली. ऋतुजा धावत साहेबांकडं गेली. थोरल्या ओळीतल्या सगळ्या रोपांच्या बुंध्याशी पिवळा रंग दिसत होता. दुसऱ्या दोन्ही ओळींत नाही. साहेब गुडघ्यावर बसले, भिंग काढलं, फोटो काढले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. म्हणाले, हा फरक आजवर कुणी पाहिला नाही. फोटो पुण्यालासुद्धा गेले.

दुपारी लाईट आली, ढग सुटला, आणि पिवळा रंग ओघळून खाली मातीत गेला.

साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. कौशामावशी पुढं होऊन म्हणाली, हळद तिनंच लावली. परमुलखातनं आलेल्या लेकी, सणाला कुणी माहेरनं येणार नाही, म्हणून लावली. साहेबांनी दात खात विचारलं, मग एकाच ओळीला का?

"थोरलीचा मान असतोय की आधी. मधलीपातूर जाईस्तवर हळद सरली."

*

आता मुद्द्याचं कुसळ.

मधली ओळ हळूहळू ठेंगणी व्हायला लागली. थोरली सरळ उंच, धाकटी सरळ उंच, आणि मधली बुटकी, फांद्यांनी गच्च भरलेली. साहेबांना आनंद मावेना. म्हणाले, तिन्हींना एकच माती, एकच पाणी, एकच सावली, तरी ही झुडपासारखी वाढते. म्हणजे हे तिच्या रक्तातच आहे, त्या डोंगराच्या वाऱ्यानं तिला पिढ्यान्पिढ्या बुटकं केलंय. त्यावर त्यांनी कायतरी लिहिलंसुद्धा, आणि भिंतीवर मधलीचा मोठा फोटो लावला.

मी फोटो बघून म्हणलं, "सर, ही रक्तानं बुटकी न्हाय. हिचे शेंडे खुडल्यात."

आपल्या भागात हे कुणाला सांगावं लागतं का? हरभरा वीतभर झाला की आपण शेंडे खुडतो. आंबट पाल्याची भाजीला भाजी होते, आणि शेंडा गेला की झाड बाजूनं फुटतं, पसरतं, घाटे जास्त धरतात. शेंडा खुडल्यावर हरभरा जसा फुटतो तशी ही मधली फुटली होती. माकणीतलं शेंबडं पोर सांगंल.

साहेबांनी टेबलावरचं भिंग उचललं. मग ऋतुजाला म्हणाले, जवळून बघ. तिनं बघितलं. प्रत्येक फांदीच्या टोकाला नखानं तोडल्याची खूण.

मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास सोजरबाई. ते म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

आता बोला! ज्यानं धूर दाखवला त्यालाच आग लावणारा ठरवायचं. त्यातनं माझी कीर्ती वाईट. हरभरा खुडण्यात माझा हात गावात कुणी धरत नाही. मी बोलत बोलत चालले तरी पदराचा ओटा भरून निघते. ही कीर्ती पोळ्याच्या बैलासारखी मीच मिरवली होती. ती फिरून मलाच शिंग मारायला आली.

साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "अशिक्षितपणामुळं नाही, सवयीमुळं झालं असेल. पण कबूल करा."

मी म्हणलं, "चौथी पास हाय म्या. आन् खुडलं असतं तर भाजी करून तुमाला डब्यात दिली असती, लपवली नसती."

*

मग सुरू झाला बंदोबस्त.

आधी सगळ्या बायांना हातमोजे. मळणीच्या बैलाला मुसकं घालतात तसे आमच्या बोटांना! उकाड्यात हात शिजून निघाले. शेंडे तरी गेलेच.

मग संशय शेळीवर. कौशामावशीची शेळी बाहेरच्या कुंपणाला बांधलेली असायची. तिला लांब धरणाकडं हाकललं. मी म्हणलं, शेळी आली तर मधलीच का खाईल, थोरली आणि धाकटी काय तिच्या नणंदा आहेत का? शेंडे गेलेच.

मग मला ढगघरात जायची बंदी. मी बाहेर चिंचेच्या पिशव्यांना पाणी घालायला. तिथनं मला आतलं दिसायचं नाही आणि आतल्यांना मी दिसायची नाही. शेंडे तरीही गेले. तेव्हा तरी साहेबांनी समजावं का नाही? तर म्हणाले, सोजरबाईंनी बाकीच्यांना शिकवून ठेवलंय!

गावात तोवर माझं नाव पडलं, खुडी सोजर. बाजारात मेथीच्या जुडीला हात लावला तर भाजीवाली म्हणाली, "बघून घ्या अक्का, खुडू नका." ती हसली. मी हसले नाही. मला तिथून काढून टाकतील याचं भ्या नव्हतं. पिशव्या भरणाऱ्या हाताला कुठंबी माती मिळते. पण जे केलं नाही त्याचं नाव घेऊन मरायचं, आणि पुढं सुनेनंसुद्धा त्याच नावानं हाक मारायची, हे काय मला सहन होणार नव्हतं.

साहेबांनी सांगितलं की पुण्याहून मोठ्या मॅडम येणार आहेत, सगळा प्रयोग तपासायला. मधली बिघडली ती कुणाच्या हातानं, हे त्यांच्यापुढं सांगायचं आणि सोजरबाईंचा निकाल लावायचा.

मी म्हणलं, लावा.

*

त्या दिवशी मी इरकल लुगडं नेसून गेले. गुन्हेगार म्हणून उभं राहायचं तर चांगलं तरी दिसावं.

मोठ्या मॅडम पिकलेल्या केसांच्या, पायात साध्या चपला, बोलणं कमी. त्यांच्याबरोबर वही घेऊन एक माणूस होता. आणि साहेबांची म्हातारी आईही आली होती. बेंबळीहून भाच्याच्या जीपमधनं, पोरानं केलेला ढग बघायला. साहेबांनी तिला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि हळूच सांगितलं, आये, मधी बोलू नगंस.

लाईट होती. ढग सुटला. म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले, ओले तळवे तोंडावर फिरवले आणि म्हणाली, "बरं वाटलं."

साहेबांनी मोठ्या मॅडमना तिन्ही ओळी दाखवल्या. थोरली आणि धाकटी यांचा फरक चांगला राहिलाय, तो बियाण्याचा आहे. पण मधलीचं काहीच सांगता येत नाही, ती स्थानिक कामगारांच्या खुडण्याच्या सवयीनं नासली. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. कौशामावशीनं माझा दंड धरला, मी कायतरी करंन म्हणून.

मी काही करणार, तोवर साहेबांचा फोन वाजला. नुसता अर्धा वाजला आणि बंद. रेंज! साहेबांनी बघितलं, भावाचा फोन होता. मॅडमना "एक मिनिट" म्हणाले आणि सवयीनं मधल्या ओळीच्या कडेला गेले.

"बोल. आरं इथं मोठी माणसं आल्यात. पानी? कुणी तोडलं पानी?"

आणि साहेब येरझाऱ्या घालायला लागले. उजव्या हातात फोन. डावा हात मोकळा. तो मोकळा हात खाली गेला, एका रोपावर. अंगठा आणि बोट. चुट. मग पुढचं रोप. चुट. साहेब भावाला झापत होते, नजर जाळीबाहेर बेंबळीकडं, आणि डावा हात आपला गुमान काम करत होता. पुढं गेले, वळले, परत आले. चुट, चुट. बापाच्या हरभऱ्याच्या रानातनं चालावं तसे.

ऋतुजानं पेन खाली घेतलं. कौशामावशीनं माझा दंड सोडला आणि स्वतःचं तोंड पदरानं दाबलं. मोठ्या मॅडम मान तिरकी करून नुसत्या बघत होत्या. मी बोलणार होते. देवाशप्पथ बोलणार होते. पण म्हणलं, सोजर, आज गप बसायचं. जन्मात एकदा गप बस.

फोन संपला. साहेब डावी मूठ तशीच मिटून परत आले. गळा साफ केला. बातम्या सुरू.

"क्षमस्व. तर मी म्हणत होतो, ही नासधूस कोणी केली, ते आपल्यासमोर स्पष्ट व्हायला हवं."

"व्हायला हवं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "नाव सांगा. लिहून घेतील."

वहीवाल्यानं वही उघडली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात म्हातारी खुर्चीतनं उठली. काठी टेकत आली, पोराची डावी मूठ धरली आणि शेंग सोलावी तशी एकेक बोट उघडलं. आत कोवळे शेंडे. म्हातारीनं त्यातला एक उचलला, हुंगला, दाताखाली धरला आणि थुंकला.

"आंबट न्हाय," ती म्हणाली.

मॅडमचा माणूस पेन धरून थांबलेला. म्हातारी त्याच्याकडं वळली.

"लिव बाबा. पाटीवर लपीवतोय त्यो, पर म्या ठिवलंय नाव. लिव, कोंडिबा."